डेव्हिल आणि तरस: बाबांबरोबर टास्मानियातले सहा दिवस

बाबा गेले चार महिने आमच्याकडे मेलबर्नला आहेत आणि पहिल्या महिन्यातच त्यांनी लायब्ररीतून प्राण्यांचं एक जाडजूड पुस्तक आणलं होतं, त्यातल्या टास्मानियन डेव्हिलच्या (मेलेलं खाणारा, पिशवीवाला छोटा काळा प्राणी) फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "अरे, हे आपल्या तरसासारखं दिसतंय की." बाबा पुरंदर तालुक्यातले, झेडपीच्या शाळेत मास्तर होते, लहानपणी गावाबाहेरच्या माळावर मेलेली जनावरं टाकायची जागा होती तिथे रात्री येणारं तरस त्यांनी दोनतीनदा पाहिलंय आणि ती गोष्ट मी शंभर वेळा ऐकलीय. मग ठरलं, फेब्रुवारीत टास्मानिया, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचं बेट. आईला बोट लागते म्हणून ती नातवाजवळ थांबली, मी नि बाबा दोघंच गाडी घेऊन निघालो. जिलाँगहून संध्याकाळी बोट सुटते आणि सकाळी डेव्हनपोर्टला लागते, बास सामुद्रधुनी बऱ्यापैकी खवळलेली होती पण बाबा शांत झोपले, मीच जागा.

दिवस पहिला

डेव्हनपोर्टला उतरल्या उतरल्या तपासणी. बाहेरून ताजी फळं-भाज्या बेटावर न्यायला बंदी आहे, त्यामुळे आईने डब्याबरोबर दिलेल्या हिरव्या मिरच्या आणि कढीपत्ता तिथेच टाकावा लागला. नियम बरोबर आहे, बेट आहे म्हणून तर डेव्हिल इथे टिकला. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून तो साधारण ३००० वर्षांपूर्वीच संपला, डिंगो (तिथले रानकुत्रे) आले, माणसं वाढली, हवामान बदललं, नेमकं कशाने यावर वाद आहे, पण डिंगो समुद्र ओलांडून टास्मानियात कधी पोचले नाहीत एवढं खरं.

मग पश्चिमेकडे बर्नी, स्मिथटन, मॅरावा करत आर्थर रिव्हर. रस्ता सुंदर, एका बाजूला समुद्र, दुसरीकडे हिरवीगार कुरणं आणि लाल माती, पण बाबांचं लक्ष दुसरीकडेच होतं. रस्त्यावर मेलेले प्राणी. पॅडेमेलन (कांगारूचा छोटा, गुबगुबीत भाऊबंद), वॉलबी (तोही छोटा कांगारूच), पॉसम (झाडावरचा पिशवीवाला प्राणी). बाबांनी डायरी काढली आणि मोजायला सुरुवात केली, स्मिथटन येईपर्यंत ३४ झाले. मला आधी वाटलं कशाला असलं मोजायचं सुट्टीत, पण नंतर कळलं की डेव्हिलची सगळी गोष्ट या रस्त्यावरच आहे, कारण मेलेलं खाणारा प्राणी जिथे मढं तिथे येतो आणि इथे मढी डांबरावर पडतात, म्हणजे खायला आलेला डेव्हिल पुढच्या गाडीखाली जातो.

मॅरावाच्या उत्तरेला वूलनॉर्थ म्हणून भाग आहे, तिथे व्हॅन डिमेन्स लँड कंपनीची मेंढ्यांची जमीन होती. या कंपनीने १८३० साली डेव्हिल मारणाऱ्याला बक्षीस लावलं, नराला अडीच शिलिंग, मादीला साडेतीन. मादीला जास्त! बाबांना हे सांगितलं तर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "पिढीच संपवायची होती म्हणजे." याच बेटावरच्या टास्मानियन टायगरचं (वाघ नव्हे, पट्टेवाला पिशवीवाला शिकारी) तसंच झालं, शेवटचा ७ सप्टेंबर १९३६ ला होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. डेव्हिलला कायद्याचं संरक्षण मिळालं १९४१ मध्ये, तेव्हा तो फार कमी उरला होता, पण त्यातून सावरला.

संध्याकाळी नदीच्या मुखापाशी जाऊन उभे राहिलो. पाणी चहासारखं तपकिरी, झाडापाल्याच्या रंगाने. समोर नुसता समुद्र, त्या रेषेत थेट दक्षिण अमेरिकेपर्यंत जमीन नाही, आणि वारा असा की बाबांची टोपी दोनदा उडाली.

दिवस दुसरा

हा दिवस सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही ज्या कॉटेजमध्ये उतरलो होतो तिथल्या मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या, जन्म इथलाच. सकाळी त्यांनी आम्हाला मागच्या पायवाटेने समुद्राकडे पाठवलं आणि म्हणाल्या खाली बघत चाला. इथलं रान म्हणजे आपल्या मनातलं जंगल नाही, कमरेएवढी दाट झुडपं, वाऱ्याने एका बाजूला झुकलेली, मधे मधे टी-ट्री नावाच्या झुडपांच्या जाळ्या, गवताचे पट्टे, आणि पलीकडे गाईंची कुरणं. डेव्हिल तसा बेटावर सगळीकडे राहतो, शहराच्या कडेलासुद्धा, पण त्याला सगळ्यात मानवतं ते असं किनाऱ्यालगतचं झुडपी रान आणि कोरडं, मोकळं निलगिरीचं जंगल, जिथे दिवसा लपायला दाटी आणि रात्री चरायला येणाऱ्या वॉलबींसाठी गवत, दोन्ही जवळजवळ. बाबा म्हणाले, "माळ आणि ओढा. तरसाला पण हेच लागतं, झोपायला ओढ्याची कपार आणि फिरायला माळ."

वाळूत ठसे सापडले. पुढच्या पायाला पाच बोटं, चार पुढे आणि एक बाजूला, त्यामुळे तो खाणं हाताने धरू शकतो. मागच्या पायाला चार. चार ठशांचा पुंजका, मग मोकळी वाळू, मग परत पुंजका, कारण तो चालतच नाही धड, एक प्रकारचं डुलत डुलत पळणं असतं. हे ठसे समुद्राने टाकलेल्या शेवाळाच्या रेषेला धरून लांबच लांब गेले होते, मेलेला मासा, मेलेला पक्षी, काय मिळेल ते हुंगत. एका रात्रीत १६ किलोमीटरपर्यंत जातो म्हणे. आणि एकाच जनावराचे ठसे, शेजारी दुसरे नाहीत.

पायवाट जिथे ओहोळ ओलांडते तिथे विष्ठेचा ढीग दिसला, जुनी, ताजी, सगळी एकाच ठिकाणी, त्यात केस आणि हाडांचे तुकडे. बाई नंतर म्हणाल्या ते आमच्या डेव्हिल लोकांचं सार्वजनिक संडास. आणि इथेच मला पहिल्यांदा कळलं की याचं एकटेपण वाघ-बिबट्यासारखं नाही. वाघ हद्द राखतो, दुसऱ्याला आत येऊ देत नाही. डेव्हिलची हद्दच नसते. त्याचा फिरण्याचा टापू असतो, साधारण ८ ते २० चौरस किलोमीटर, पण तो इतरांच्या टापूंवर चढलेला असतो आणि कुणी कुणाला हाकलत नाही. एकाच वाटा, एकच पाणवठा, एकच शौचाची जागा, फक्त वेळा वेगळ्या. कोण येऊन गेलं, कधी गेलं, मादी माजावर आहे का, हे सगळं वासावरून कळतं. भेट न होता ओळख ठेवायची. झोपायला तीनचार बिळं असतात, वाँबॅटने (बिळं खणणारा, जाडजूड पिशवीवाला प्राणी) सोडलेलं बीळ, पोकळ ओंडका, खडकाची फट, आणि दर एकदोन दिवसांनी जागा बदलतो.

दुपारी मॅरावाकडे सामान आणायला गेलो होतो, येताना कच्च्या रस्त्याच्या मधोमध एक पॅडेमेलन पडलेलं, ताजं. मादी होती, पिशवी रिकामी आहे ना ते आधी बघितलं (हे इथे सगळ्यांना सांगतात, कधी कधी आत पिल्लू जिवंत असतं). मग दोघांनी मिळून ते रस्त्यापासून चांगलं लांब गवतात ओढून ठेवलं, म्हणजे खायला येणारा मरणार नाही. बाबांनी जागा नीट हेरून ठेवली. "रात्री येऊ इथे," म्हणाले. "वारा आपल्याकडे येईल असं बसू." मी म्हटलं बाबा थंडी असेल, तर म्हणे, "अरे माळावर डिसेंबरात बसलोय मी."

साडेआठला सूर्य मावळला, नऊपर्यंत उजेड रेंगाळला. गाडी साइडला लावून, इंजिन बंद, काच खाली, टॉर्चला लाल कागद. पहिला तास काहीच नाही. एक पॉसम कुंपणावरून गेलं. वारा पडला तसा लांबून समुद्राचा आवाज येऊ लागला.

पावणेअकराच्या सुमारास बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला. आधी फक्त पांढरा पट्टा दिसला, छातीवरचा, बाकी अंग अंधारात मिसळलेलं. मग आकार. लहान कुत्र्याएवढा पण डोकं अंगाच्या मानाने केवढं तरी मोठं, मान जाड, आणि पाठ मागे उतरती, कारण पुढचे पाय मागच्यापेक्षा थोडे लांब. बाबा कानात कुजबुजले, "बुटकं तरस." खरंच तसाच होता, तरसाच्या पाठीचा तोच उतार, तीच डुलती चाल. नातं काही नाही दोघांचं, तरस आपल्यासारखा वार असलेला सस्तन प्राणी आणि हा पिशवीवाला, शिशुधानी, आज जिवंत असलेल्या मांसाहारी शिशुधानींमधला सगळ्यात मोठा. पण काम एकच, मेलेलं उचलायचं आणि हाडासकट संपवायचं, आणि कामाने अंग घडवलं दोघांचं.

त्याने लांबून एक फेरा मारला, थांबला, नाक वर केलं, परत फेरा. मग सरळ येऊन पोटाकडून खायला सुरुवात. एकदम शांतपणे. कार्टूनमध्ये दाखवतात तसला गरगर फिरणारा सैतान कुठेच नव्हता, एक दमलेला प्राणी जेवत होता आणि आम्हाला फक्त हाडं फुटल्याचा आवाज येत होता, सुकी फांदी मोडल्यासारखा. वीसेक मिनिटं तो एकटा होता.

मग दुसरा आला. आणि तो आवाज! आधी घशातली गुरगुर, मग खोकल्यासारखं भुंकणं, मग एकदम किंकाळी, चढत चढत जाणारी, अंगावर काटा आला माझ्या. इथे पहिल्यांदा आलेल्या गोऱ्या लोकांनी रात्री हेच ऐकून याला डेव्हिल नाव दिलं आणि त्या नावाने त्याचं किती नुकसान केलं. इथल्या मूळ लोकांच्या, पलावा कानी भाषेत त्याला पुरिनिना म्हणतात, किती साधं सुंदर नाव आहे. दोघांनी जबडे उघडून तोंडाला तोंड लावलं, मग दुसरा पाठमोरा झाला आणि ढुंगणाने ढकलत ढकलत मढ्यापर्यंत पोचला, लहान मुलं रांगेत घुसतात तसा. मी म्हटलं आता रक्त निघणार. तर काही नाही, दोन मिनिटांनी दोघं शेजारी शेजारी खात होते, एकाने एक टोक धरलं, दुसऱ्याने दुसरं, आणि दोघांच्या ओढण्याने मांस फाटत होतं, जे एकट्याला जमलं नसतं. पहिला पोट भरल्यावर न भांडता निघून गेला, आला होता त्याच वाटेने. दुसरा राहिला. आम्ही साडेबाराला निघालो तेव्हा हाडं मोडणं चालूच होतं.

सकाळी परत जाऊन पाहिलं, गवत चेपलेलं आणि थोडे केस. बाकी काही नाही.

दिवस तिसरा

वाराटाहच्या रस्त्याने क्रेडल माउंटनला. रॉनी क्रीकला वाँबॅट दुपारीच चरत होते, त्यांना माणसाची काही पडलेली नाही. डव्ह लेकच्या काठाने थोडं चाललो, बाबांचे गुडघे दुखतात म्हणून पूर्ण फेरी केली नाही.

संध्याकाळी डेव्हिल्स ॲट क्रेडल म्हणून अभयारण्य आहे तिथे. इथे पिंजऱ्याबाहेरून का होईना पण जवळून दिसतात, आणि काल अंधारात जे कळलं नव्हतं ते दिसलं: चिडला की कानांत रक्त चढून ते लालभडक होतात. तोंड उघडून जांभई देतो ती धमकी वाटते पण बहुतेक वेळा ती भीती किंवा घालमेल असते. शास्त्रज्ञांनी त्याचे ११ प्रकारचे आवाज आणि २० पवित्रे नोंदवलेत, आणि हा सगळा कल्लोळ खरी मारामारी टाळण्यासाठी आहे असं गाइड मुलगी सांगत होती. जो जास्त भुकेला त्याला पुढे जाऊ देतात. काल आम्ही अगदी हेच पाहिलं होतं.

पिल्लांचं ऐकून बाबा हळहळले. मार्चच्या सुमारास मीलन, २१ दिवसांत पिल्लं, तांदळाच्या दाण्याएवढी, २० ते ३० किंवा जास्तच जन्मतात, पण पिशवीत आचळ फक्त चार. जे चार आधी पोचले ते जगले. चार महिने पिशवीत, मग बिळात, आणि दहाव्या महिन्याच्या आसपास, म्हणजे आत्ता जानेवारी-फेब्रुवारीत, पिल्लू आईला सोडून निघतं ते कायमचं एकटं. जंगलात आयुष्य सगळं मिळून पाचसहा वर्षांचं.

मग आजाराचं बोलणं निघालं. १९९६ साली ईशान्य कोपऱ्यात, वुकालिना म्हणजे माउंट विल्यमपाशी, चेहऱ्यावर गाठी असलेल्या डेव्हिलचे पहिले फोटो काढले गेले. तो कॅन्सर आहे, आणि तो संसर्गाने पसरतो. विषाणूने नाही, कॅन्सरच्या पेशीच चावताना एकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि तिथे वाढतात. प्रत्येक गाठ ही खूप वर्षांपूर्वी मेलेल्या एका मादीच्याच पेशींची आहे, म्हणजे ती मेली पण तिचा रोग अजून जिवंत आहे. तोंडात गाठी वाढल्या की खाता येत नाही, साधारण वर्षभराच्या आत प्राणी मरतो. काही भागांत ८० टक्क्यांहून जास्त डेव्हिल गेले, २००८ मध्ये त्याला संकटग्रस्त जाहीर केलं, आणि २०१४ मध्ये आग्नेयेला तशाच प्रकारचा दुसरा, वेगळा कॅन्सर सापडला. रोग पूर्वेकडून पश्चिमेला सरकत गेला, आम्ही काल होतो तो कोपरा सगळ्यात शेवटचा.

बाबांनी मला इंग्रजीत विचारायला लावलं, "एकटा राहणारा प्राणी ना हा? कळपात नाही, हद्दीवरून भांडण नाही. मग साथ पसरली कशी?"

मला वाटतं सगळ्या प्रवासातला हाच खरा प्रश्न. गाइड म्हणाली, ते भेटतात त्या वेळा मोजक्या आहेत, पण प्रत्येक भेटीत दात असतात. मढ्यावर आणि मीलनाच्या दिवसांत. आणि पुढे तिने जे सांगितलं ते मला रात्रभर झोपू देईना: ज्यांच्या अंगावर चावे जास्त ते जास्त आजारी पडत असतील असं वाटलं होतं, संशोधनात उलटं निघालं, चावे कमी असलेलेच जास्त आजारी. म्हणजे जो चावतो त्याला होतो. जो धीट, पुढे घुसणारा, तो दुसऱ्याच्या गाठीला चावतो आणि स्वतः घेऊन जातो. कालच्या रात्री जे बघून आम्ही हरखलो होतो, ते दोघांनी शेजारी शेजारी जेवणं, आयुष्यातली तेवढीच सोबत, रोग तिथूनच येतो.

बरी बातमी पण आहे. काही डेव्हिलांमध्ये गाठी आपोआप बसल्याच्या नोंदी आहेत, जनुकांत फार थोड्या पिढ्यांत बदल दिसलेत, आणि २०२० च्या एका अभ्यासाने म्हटलं की साथीचा वेग मंदावलाय, आजाराने ही जात संपूर्ण नष्ट होईलच असं नाही. बाबा ते ऐकून गाइडला मराठीतच "शाबास" म्हणाले.

दिवस चौथा

नुसतं ड्रायव्हिंग. क्रेडल ते ट्रायबन्ना, पाच तास, मधे पाऊस. वाटेत बाबांनी गावी फोन लावून भावाला विचारलं की माळावर तरस दिसतंय का हल्ली. काका म्हणाले मागच्या वर्षी हायवेला एक मेलेलं दिसलं होतं.

दिवस पाचवा

फेरीने मरिया आयलंड. गाड्या नाहीत, दुकान नाही, सगळं खाणं-पांघरूण आपलं आपण न्यायचं. डार्लिंग्टनला १८२५ पासूनच्या कैद्यांच्या वसाहतीच्या इमारती आहेत, तिथल्याच जुन्या तुरुंगात बंक मिळतात, आम्ही तिथे राहिलो.

हे बेट म्हणजे डेव्हिलचं राखून ठेवलेलं बियाणं. आजार समुद्र ओलांडणार नाही म्हणून २०१२ च्या नोव्हेंबरात निरोगी १५ डेव्हिल इथे सोडले, पुढच्या वर्षी आणखी काही, आणि ते चांगले वाढले. पण इथे त्याआधी डेव्हिल कधीच नव्हता. इथले छोटे पेंग्विन जमिनीत बिळं करून राहायचे, २०१२ मध्ये ३००० जोड्या होत्या, आणि २०२१ मध्ये पक्षी अभ्यासकांनी सांगितलं की एकही उरली नाही. मला हे वाचल्यापासून त्रास होत होता. डेव्हिलवर माझं मन जडलंय, तरी मला वाटतं ही किंमत आधीच ओळखायला हवी होती, नवख्या बेटावर शिकारी सोडला की जमिनीवर घरटं करणारा पक्षी जाणार हे कळायला फार अभ्यास लागत नाही. बाबांचं मत वेगळं. म्हणाले, "घर जळत असताना पोराला शेजारच्या घरात ठेवलं. शेजाऱ्याचं नुकसान झालं हे खरं, पण पोर वाचलं." आमचं यावर रात्री चांगलं तासभर झालं, मेणबत्तीच्या उजेडात, पिठलं-भात खात, आणि एकमत झालं नाही.

रात्री किंकाळी एकदाच ऐकू आली, गवताळ उतारावरून, लांब.

दिवस सहावा

सकाळच्या फेरीने परत. संध्याकाळी डेव्हनपोर्टची बोट, आणि अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही असं ठरवलेलं म्हणून लगेच निघालो, स्वॅनसीवरून लेक लीकच्या रस्त्याने कॅम्पबेल टाउनकडे. दोन्ही बाजूंना निलगिरीचं कोरडं जंगल, मोकळं, खाली गवत, अगदी त्याच्या आवडीचं.

एका वळणानंतर बाबा म्हणाले, "थांब."

रस्त्याच्या कडेला, काळं. शेजारी वॉलबीचे उरलेले अवशेष. जेवायलाच आला असणार. लहान होता, अंगाने भरलेला नव्हता, दात पांढरे आणि न झिजलेले. चेहरा स्वच्छ, एकही गाठ नाही, एकही जुना चावा नाही. नुकताच आईपासून सुटलेला, कदाचित अजून कुणाशी भेटसुद्धा झाली नसेल. बाबांनी उपरण्याच्या टोकाने त्याच्या तोंडावरची माती पुसली. मी सरकारी ॲपवर जागा आणि फोटो टाकला, इथे मेलेल्या डेव्हिलची नोंद मागतात. मग आधी वॉलबीचे अवशेष लांब ओढले, आणि त्यालाही उचलून आत झाडाखाली ठेवलं.

डेव्हनपोर्टपर्यंत बाबा फारसं बोलले नाहीत. बोटीवर चढल्यावर डायरी काढली. सहा दिवसांच्या आकड्यांची बेरीज त्यांनी केली नाही, फक्त शेवटची ओळ लिहिली: "लेक लीक रस्ता. डेव्हिल, या वर्षीचं पिल्लू. १."